पायांवरचे जांभळे ठिपके

१४ मार्च
पायांवर ठिपके. मसुरीएवढे, जांभळे – दाबले तरी जात नाहीत! जाऊबाई मालसुन म्हणाल्या, बुडीचा रबरी पोशाख बाधला, पाहू नकोस, आपोआप जातात. चाळीस वर्षं बाधला नाही तो आता बाधला?

१५ मार्च
तरी बुड्या मारल्या. शंखांचा हंगाम कोण सोडतं?

१९ मार्च
आमच्या बेटावरच्या जेजू शहरात त्वचेचा डॉक्टर गाठला. पोरगेला, पण हात हलका. कातडीचा तुकडा काढला, रक्त-लघवी तपासली. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्यात म्हणे. कधी घशाच्या आजाराने होतं, कधी औषधाने, कधी कारण सापडतच नाही.
"औषधं कोणती घेता, मावशी?"
"एकही नाही." किती तोऱ्यात सांगितलं मी!
पाय उंच ठेवून पडायचं. समुद्र बंद.

२७ मार्च
मूत्रपिंडं ठीक, तुकड्यातही तेच निघालं. ठिपके फिकट. मी मात्र पडून पडून आंबले. जाऊबाई शेवाळाचं सूप आणून ठेवतात, बसत नाहीत. दमले बाई.

४ एप्रिल
ठिपके गेले! उद्या पाण्यात.

७ एप्रिल
पुन्हा उठले. रडूच आलं.

८ एप्रिल
आज किनाऱ्यावरच्या शेकोटीपाशी नुसती बसले होते. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकीने डोकेदुखीची पुडी जिभेवर टाकली. रोजचंच. जाऊबाईंनी माझीही पुढे केली आणि तोंड आपोआप उघडलं – तिथेच थबकले. "हे औषधच ना?" सगळ्या हसल्या. औषध आजाऱ्याने घ्यायचं, ही तर पुडी!
डॉक्टरला फोन केला. "रोज? किती वर्षं?" बहुधा हेच कारण, म्हणाला. यापुढे पुडी नाही म्हणजे नाही. आठवडाभराच्या गोळ्या सांगितल्या.

२९ एप्रिल
पाय स्वच्छ. डॉक्टरने उतरायला हरकत नाही म्हटलं. पुडीशिवाय उतरले. दुसऱ्याच बुडीला डोकं फुटतंय असं झालं, वर आल्यावर दम सोडताना निघते ती श्वासाची शिट्टीही निघेना. संपलं माझं. पाण्यावर ज्याला धरून दम खाते तो माझा भोपळा जाऊबाईंपुढे ठेवला – तुम्हीच वापरा.

३० एप्रिल
जाऊबाईंनी भोपळा परत आणला. स्वतःच्या पोशाखाचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. ठिपकेच ठिपके, काही ठिकाणी जखमा. "दोन वर्षं झाली," म्हणाल्या, "डॉक्टरला सांगितलं असतं तर त्याने माझाही समुद्र बंद केला असता." आणि पुडी जिभेवर टाकून पाण्यात गेल्या.