तटावरची मागची सीट

आबा, मी चीनला जाऊन आले आणि तिथंही मागच्याच सीटवर बसले. मला राग आलाय, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे "आता काय झालं हिला" असं तोंड करून तुम्ही तंबाखूची पिशवी काढणार नाही. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. मधल्या काळात मी नोकरीला लागले, कापसाच्या जिनिंगची मशिनं बसवते, चार माणसं हाताखाली आहेत. नवं मशीन बघायला म्हणून कंपनीनं आम्हा तिघांना शिआन नावाच्या शहरात पाठवलं होतं. एक रविवार मोकळा मिळाला, तेव्हा आम्ही तिथला तट बघायला गेलो.

डोंगरावरून जाणारी ती चीनची भिंत वेगळी. हा शहराभोवतीचा तट, चौकोनी, जुना, आणि अजून धडधाकट उभा. धारूरच्या किल्ल्यापुढं उभं राहून "काय बांधलंय बघ" म्हणायचात ना, तुम्ही हा तट बघायला हवा होतात. वरून उसाच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी जातील एवढा रुंद. राखाडी विटांची फरसबंदी, आतल्या अंगाला जुन्या गावाची कौलं, बाहेरच्या अंगाला खंदक आणि पलीकडं उंचच उंच इमारती. आणि त्या तटावर चक्क सायकली भाड्यानं मिळतात. चौदाएक किलोमीटरची फेरी मारायची आणि निघालो त्याच वेशीत परत यायचं. पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या टोप्या घालून, एकमेकींशी गप्पा मारत चालवत होत्या, आबा. मीही ऐटीत एक सायकल घेतली, एक पाय पेडलवर ठेवला, दुसऱ्यानं जमीन रेटली आणि तिथंच आडवी झाले.

कारण मला येते ती कैची. नळीच्या खालून पाय घालायचा, अर्धं अर्धं पेडल मारायचं, सीट काखेत. सीटवर बसायला शिकायच्या आधीच तुम्ही मला पकडलंत. आणि तिथल्या सायकलींना मधली नळीच नव्हती. आमच्यातला धाकटा इंजिनीअर, स्वभावानं गरीब पोरगा, पळत आला. त्यानं मला उठवलं, माझी सायकल परत केली, दोन सीटांची जोडसायकल आणली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही मागे बसा. मी आहे ना."

मी आहे ना. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, हे वाक्य ऐकून माझं डोकं का फिरलं ते. मागच्या सीटलाही हँडल असतं, पण ते वळत नाही, नुसतं धरायला असतं. ब्रेक पुढच्याच्या हातात. मी पेडल मारत होते, घामाघूम झाले होते, विटांवरून हाडं खिळखिळी होत होती आणि दिसत होता फक्त त्याचा निळा शर्ट. बुरुजापाशी वळताना त्याचं डोकं जरा बाजूला व्हायचं तेव्हा तेवढं खंदकातलं पाणी दिसायचं. एवढ्या लांब जाऊन मी एका शर्टाची पाठ बघून आले.

तुम्ही मला पकडलंत तेव्हा मी सहावीत होते. तुम्ही जेवून आडवे झालात की तुमची सायकल गाडीवाटेवर न्यायची. त्या दुपारी ओढ्याच्या उतारावर पडले, गुडघा सोलून निघाला. तुम्ही आलात, जखम धुतलीत, हळद दाबलीत, एक शब्दही वाकडा बोलला नाहीत. मग म्हणालात, "हात-पाय मोडला म्हंजी? जन्माचं हुईल. तुला कावून पायजे सायकल? मी हाय ना." संध्याकाळी सायकलीला साखळी-कुलूप लागलं, किल्ली तुमच्या करगोट्याला. आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला कॅरियरवर बसवून तेलगावच्या शाळेत सोडायला लागलात. हँडलला दुधाच्या किटल्या, मागं मी. डेअरीवरची माणसं चेष्टा करायची, "आबा, लेकीला बी मापात घालायची का?" तुम्ही हसायचात. पावसाळ्यात काळ्या रानाची माती मडगार्डात जाम बसली की काडीनं खरवडायचात, तरी चाक फिरलं नाही तर सायकल खांद्यावर घ्यायचात आणि मी तुमच्यामागं चप्पल हातात घेऊन चालायची. वस्तीवरच्या माझ्या बरोबरीच्या पोरींची शाळा सातवीतच सुटली. माझी टिकली ती तुमच्या पायांवर. हे मला कळतं. कळतं म्हणूनच जास्त चीड येते. नुसते वाईट वागला असतात तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

पण तुम्हाला ताप आला की माझी शाळा बुडायची, त्याचं काय? सातवीतल्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा दिवस आठवा. तुम्ही गोधडीत कुडकुडताय. मी वेणी घालून, पॅड-पेन्सिल घेऊन दारात उभी आहे. सायकल भिंतीला टेकलेली आहे, कुलूपबंद. मी म्हणते, "आबा, चालत जाते." तुम्ही म्हणता, "येवढ्या लांब येकटी? न्हाई. पुढल्या साली दी परीक्षा." ती परीक्षा पुढच्या साली नसते, असं मी दोनदा सांगते. तुम्ही कूस बदलता. मास्तरांनी वर्षभर माझ्याकडून गणितं घोटून घेतली होती. मी दिवसभर त्या सायकलीकडं बघत ओसरीवर बसले, आणि संध्याकाळी तुम्हाला पेज मीच करून दिली.

तर आता पुढचं ऐका. तटावर त्या पोरानं माझा एक फोटो काढला होता. एका सीटची कुणाची तरी सायकल धरून मी उभी, मागं बुरूज. वहिनीनं तो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आपल्या वस्तीची लेक चीनच्या तटावर सायकलवर." मी ते दुरुस्त केलं नाही. मग काय, शाळेत मुलींना सायकली वाटायच्या होत्या, पाहुणी म्हणून मलाच बोलावलं. शाल झाली, नारळ झाला, हेडमास्तरांचं लांबलचक भाषण झालं. कार्यक्रम संपवून फाटकाशी आले तर समोरून एक बाप नव्या कोऱ्या सायकलवर बसून निघालेला, आणि लेक मागं कॅरियरवर, दप्तर मांडीवर घेऊन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आडवीच गेले.

"सायकल कुणाला मिळाली?" मी विचारलं.

"हिलाच की," तो म्हणाला.

"मग ती का चालवत नाही?"

"रस्त्याला उसाच्या गाड्या लई हायेत, मॅडम. पडली-बिडली म्हंजी? मी हाय ना." मग त्यानं एक पाय खाली टेकवला आणि विचारलं, "तुमाला कुनी शिकिवली?" त्यात खोच नव्हती. त्याला खरंच ऐकायचं होतं.

आबा, तुमच्याबद्दलचं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. कुलूप, करगोटा, परीक्षा. भर फाटकात तुमची शोभा केली असती. पण मी म्हणाले, "आमच्या आबांनी. कॅरियर धरून मागं पळायचे. मी पडले की आधी हसायचे, मग उचलायचे. पण दुसऱ्या दिवशी परत काढायचे सायकल."

त्यानं दुसराही पाय खाली टेकवला. मग उतरला. "असं असंल तर बगू," म्हणाला. हँडल काही त्यानं लेकीच्या हातात दिलं नाही, पण एक बाजू तिला धरू दिली, आणि दोघं मधे सायकल घेऊन रस्त्याच्या कडेनं चालत गेले. ती सीटवर कधी बसेल, बसेल की नाही, मला माहीत नाही.

ते खोटं मी त्या पोरीसाठी बोलले, असं मी स्वतःला बजावत होते. पण परतीच्या गाडीत बसल्यावरही मी पुढचं रचतच होते. तुम्ही कुठल्या लिंबापाशी हात सोडलात, मला कळू न देता किती लांब पळत आलात, धाप लागल्यावर धोतर सावरत काय म्हणालात. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, आणि जाईल असं वाटत नाही. हे पाठवायची काही सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही लगेच म्हणाला असतात, "असं कुटं झालतं, बाई?" आणि तो पळणारा आबा मला इतक्यात जाऊ द्यायचा नाही.