डेल्विनची जागा

विद्यापीठ वसतिगृह,
२४ ऑगस्ट १९७६

ती. बाबा,
तुम्हाला वाकून नमस्कार. ओडेसाताईला माझी आठवण सांगा, आणि मी जेवतो, हेही सांगा.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं सुचेल तसं लिहितो.

सोमवारी सकाळी भिंतीवर यादी लागली. माझं नाव बचावात, पार मागच्या फळीत होतं. ताईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा तिच्यासाठी लिहितो. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून प्रत्येक डाव सुरू होतो. चेंडू कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा, ते तो ठरवतो आणि बाकीचे दहा जण त्याच्या तोंडाकडे बघतात. दोन वर्षं मी त्या रांगेत चौथा होतो, मग तिसरा, मग दुसरा. पहिला यंदा पदवी घेऊन गेला. आता पाळी माझी होती. तिथे शाळेतून नुकत्याच आलेल्या एका मुलाचं नाव आहे.

कोचना जाऊन विचारलं. ते म्हणाले, अरे डेल्विन, तुझ्यासारखे पाय असलेल्या पोराला एका जागी उभं करून चेंडू फेकायला लावणं म्हणजे शर्यतीचा घोडा गाडीला जुंपणं. मी म्हटलं, सर, मला फेकता येतो. तर म्हणाले, येतो की, नाही कोण म्हणतंय! आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबा, ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. या मैदानावर त्या जागी आपल्यातला, काळा, कुणी आजवर उभा राहिलेला नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि बोलत कुणीच नाही.

आपल्या लोकांच्या ब्रॅडिक कॉलेजचे म्हातारे कोच आयशम यांनी मला शाळेत असताना पत्र पाठवलं होतं. मी काल त्यांना लिहिलं. कॉलेज लहान आहे, त्यामुळे बदली केली तरी वर्षभर बसून राहावं लागत नाही, तिथे याच हंगामात खेळता येतं. मी जायचं ठरवलंय. तुमचा होकार हवा आहे.

तुमचा,
डेल्विन

◆

टॅलो क्रीक, लुइझियाना,
२९ ऑगस्ट १९७६

चि. डेल्विन यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी लांबलचक लिहिणारा माणूस नाही, तुला माहीत आहे.

१९४९ साली तुझ्या विद्यापीठाच्या त्या स्टेडियमची पूर्वेकडची बाकं बांधली. लाकूड आमच्या मिलचं. फळ्या मी रचल्या, ट्रकात मी चढवल्या, तिथे जाऊन मीच उतरवल्या. त्या शनिवारी सामना होता. म्हटलं, आलोच आहोत तर घटकाभर बघू. फाटकावरच्या माणसानं विचारलं, तुझं काम झालं ना? मग निघ.

त्याच फाटकातून तू आत गेलास, तोही पाठीवर आपलं आडनाव घेऊन. पुढे उभा करतात की मागे, याचं मला काय? आत उभा आहेस ना?

तिथेच राहा. माझा होकार नाही.

क्लिओफस टार्व्हर

◆

टॅलो क्रीक,
१९ सप्टेंबर १९७६

चि. डेल,
तुझ्या ताईचे अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा उधार.

गेलास तर गेलास! निदान पोचल्याचं पत्र तरी घरी टाकायचंस. ते मला चर्चच्या पायरीवर हेटीकाकूकडून कळलं. गावात खबर आधी पोचते आणि घरी मागून येते. काकू म्हणाल्या, तुमच्या डेल्विननं म्हणे मोठ्या शाळेला लाथ मारली. मी म्हटलं, लाथ मारायला त्याला लावलंच नव्हतं काकू, त्याला फेकायचं होतं. त्यांना काही कळलं नाही, पण मला बरं वाटलं.

न्हाव्याच्या दुकानात तुझा विद्यापीठाच्या कपड्यांतला फोटो अजून आहे. बाबा केस कापायला गेले तेव्हा एकानं मुद्दाम विचारलं, काय क्लिओफस, पोरगं सध्या कुठल्या गावी? बाबा म्हणाले, केस कापा. अर्धे कापून झाले होते, तसेच उठून आले. उरलेले मी स्वयंपाकघरात बसवून कापले. वाईट कापले. आठवडाभर टोपी घालून मिलमध्ये जातायत.

तुझ्याबद्दल बोलत नाहीत. आई असती तर तिनं दोघांच्या कानशिलात एकेक ठेवून प्रश्न मिटवला असता. माझ्याच्यानं ते होत नाही. दिवसभर तिसरीच्या पस्तीस पोरांवर ओरडून घरी आले की मला एका माणसालासुद्धा समजवायचं त्राण नसतं.

तू चूक केलीस असं मला वाटत नाही. बरोबर केलंस हेही मी म्हणणार नाही, कारण तुला लगेच शिंगं फुटतील. जेवत जा.

तुझीच,
ओडेसा

◆

ब्रॅडिक कॉलेज,
३१ ऑक्टोबर १९७६

प्रिय ताईस,
धपाटा पावला. नमस्कार.

इथे सगळंच वेगळं आहे. मैदानाच्या एका अंगाला गवत आहे, दुसऱ्या अंगाला नुसती माती. कपडे आपले आपण धुवायचे. परवा बसनं अकरा तास जाऊन खेळलो. कोचच्या बायकोनं कागदी पिशव्यांत थंड सँडविचं बांधून दिली होती, कारण वाटेतल्या खानावळीत पंचेचाळीस काळी पोरं एकदम उतरली की मालकाला अचानक आठवतं की आज स्वयंपाकी रजेवर आहे. हरलो, आणि पुन्हा अकरा तास.

कोच आयशम यांनी पहिल्या दिवशी विचारलं, कुठे खेळतोस? मी म्हटलं, क्वार्टरबॅक. ते म्हणाले, मग जा, तिथे उभा राहा. एवढंच. ताई, मी भाषण पाठ करून गेलो होतो. ते सगळं पोटातच राहिलं.

सहा सामन्यांत चार हरलो. चार हरलो ते बहुतेक माझ्यामुळेच. दोन वर्षं बाकावर बसून हात गंजतो. उजवा खांदा सकाळी वर जात नाही, मग डाव्या हातानं दात घासतो. इथली पोरं मला ‘विद्यापीठ’ म्हणतात. चेंडू वाकडा गेला की ओरडतात, अरे विद्यापीठ, तिकडे असंच शिकवतात का?

दमायला होतं. खेळून नव्हे. दर वेळी असं वाटतं की नुसतं खेळून भागणार नाही, काहीतरी सिद्ध करायला हवं, आणि ते बघायला तर कुणी आलेलं नसतं.

बाबांना दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. पोचली का, एवढंच सांग.

तुझा,
डेल

◆

टॅलो क्रीक,
१४ नोव्हेंबर १९७६

चि. डेल, आशीर्वाद.

पोचली. उघडली. वाचली. बायबलमध्ये ठेवली आहेत, कुठल्या पानाशी ते मी बघितलं नाही. याहून जास्त विचारू नकोस.

ओडेसा

◆

टॅलो क्रीक,
२० नोव्हेंबर १९७७

चि. डेल्विन यास आशीर्वाद.

काल तुझा सामना झाल्यावर बोलायला जमलं नाही. गर्दी होती, आणि गर्दीत मला बोलता येत नाही. तुझी बहीण सकाळपासून मागे लागली आहे की जे गाडीत मला सांगितलंत ते त्याला लिहा. सव्वा वर्षांनी लिहितोय. हात जड झालाय.

मी यायचं नाही म्हणत होतो. ओडेसानं गाडी दारात लावली आणि म्हणाली, बाबा, त्याचा हा शेवटचा सामना आहे, तुम्ही बसा नाहीतर मी भोंगा वाजवत राहीन. तिनं वाजवलाही. शेजारी बाहेर आले. मग बसलो.

तू वाईट खेळलास. चार वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात दिलास. माझ्या शेजारी एक जाडी बाई बसली होती. चौथ्या वेळी ती म्हणाली, या पोराला बापानं घरी ठेवायला हवं होतं. मी म्हटलं, बाई, बापानं फार प्रयत्न केला. तिनं मला अर्धं तळलेलं कोंबडीचं तंगडं दिलं.

पण मी सांगत होतो ते हे. चौथ्यांदा चेंडू गेला, तू खाली पडलास, लोक हसले. मग तू उठलास आणि बाकीची पोरं तुझ्याभोवती गोल करून वाकली. तू काहीतरी बोललास आणि ती मोठमोठी पोरं माना हलवून आपापल्या जागी गेली. तुझा राग आलेला एकही चेहरा मला दिसला नाही. चार वेळा चेंडू दुसऱ्याला दिलास हे खरं, पण देणारा तू होतास. मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. मी सांगितलं आणि दहा माणसं हलली, असं एकदाही झालं नाही.

माझा होकार नव्हता. तो आता दिला तरी तुझ्या काही उपयोगाचा नाही. तरी देतो.

खांद्याला तेल लाव. वर जात नाही ते मला बाकावरून दिसलं.

तुझा बाप,
क्लिओफस

◆

ब्रॅडिक कॉलेज,
७ मे १९७८

ती. बाबा आणि ताई,
दोघांना नमस्कार.

व्यावसायिक संघांनी दोन दिवसांत तीनशेहून अधिक पोरं निवडली. मी कोच आयशमांच्या खोलीत फोनपाशी बसून होतो. फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा कोचच्या बायकोचा, घरी येताना पाव आणा म्हणून.

तिसऱ्या दिवशी एका संघाच्या माणसाचा आला. निवड नाही, पण जुलैत सराव शिबिराला ये म्हणाला. मी विचारलं, क्वार्टरबॅक म्हणून? तो म्हणाला, नाही रे बाबा, मागच्या फळीत, बचावाला. तुझ्यासारखे पाय असलेल्या पोराला... पुढचं वाक्य मला पाठ होतं.

मी हो म्हटलं.

कोच खिडकीबाहेर बघत राहिले. तुम्ही यावर काही लिहू नका. जी नको म्हणून विद्यापीठ सोडलं, तुमचं मन मोडलं, तीच गोष्ट मी एका मिनिटात कबूल केली. का, ते मला नीट सांगता येत नाही. नाही म्हणायचं बळ माणसात मोजकंच येत असावं. माझं संपलं.

पदवीची परीक्षा पास झालो. ताई, इतिहासात चांगले गुण आहेत, वर्गात सांग.

तुमचा,
डेल्विन

◆

सराव शिबिर,
१ ऑगस्ट १९७८

ती. बाबा,
नमस्कार.

आज सकाळी न्याहारीच्या वेळी एक माणूस टेबलाशी आला आणि म्हणाला, डावांची वही घेऊन वर ये. इथे ते वाक्य म्हणजे घरी जायचा निरोप. अकरा दिवस टिकलो.

माझं काम एकच होतं. समोरच्या पळणाऱ्या गड्यावर डोळा ठेवायचा आणि चेंडू त्याच्या हाती लागू द्यायचा नाही. मला ते जमलं नाही. पाय आहेत, ते खोटं नव्हतं. पण डाव सुरू झाला की माझी नजर आपोआप फेकणाऱ्याकडे जायची. तो कुठे बघतोय, पाय कुठे टाकतोय, मी असतो तर कुठे फेकला असता, हे बघता बघता माझा गडी मला ओलांडून गेलेला असायचा. कोच रोज ओरडायचे, टार्व्हर, तू कुणाला राखतोयस, त्याला की फेकणाऱ्याला? आज निरोप देताना मात्र हळू बोलले. म्हणाले, पोरा, तू चुकीच्या माणसाकडे बघतोस.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. नवव्या दिवशी त्यांच्या एका क्वार्टरबॅकचा हात दुखावला आणि झेल घेणाऱ्यांचा सराव अडला. कुणीतरी म्हणालं, ए, तू फेक थोडा वेळ. मी वीस मिनिटं चेंडू फेकले. बाबा, एकही खाली पडला नाही. खांद्यातून कळ येत होती तरी पडला नाही. मग शिट्टी वाजली, मदतनिसानं चेंडू गोळा करून पिशवीत भरले आणि सगळे जेवायला गेले. मीही गेलो, रांगेत उभा राहिलो, ताटात वाढून घेतलं.

रडू आलं नाही, रागही आला नाही. नुसतं आडवं व्हावंसं वाटतं. मी हरलो की दमलो, ते कळेनासं झालंय. दोन्ही वेगळं असतं का? तुम्हाला माहीत असेल.

घरी यावं असं वाटतं, पण न्हाव्याचं दुकान, चर्चची पायरी, हेटीकाकू... सगळ्यांना काय सांगू? तुम्ही ये म्हणालात तर येईन.

डेल्विन

◆

टॅलो क्रीक,
५ ऑगस्ट १९७८

चि. डेल्विन, बाळा,
आशीर्वाद.

मिलमधून आलो, हात धुतले, आणि लगेच लिहायला बसलोय. ओडेसा म्हणते आधी जेवा. थांब म्हटलं.

तुला कधी सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही. १९५१ साली मी मिलच्या मालकाला भेटायला गेलो होतो, टोपी हातात घेऊन. मला मोठी करवत चालवायची होती. ती कशी चालते ते मी दोन वर्षं बघून बघून शिकलो होतो. लाकडाच्या आवाजावरून गाठ कुठे आहे ते मला कळायचं. मालक म्हणाला, क्लिओफस, तुझी पाठ इतकी मजबूत आहे, तिला करवतीपाशी उभं करणं म्हणजे देवाचं देणं वाया घालवणं. तू फळ्या रच. तोही हसून बोलला. त्यानंही खांद्यावर हात ठेवला.

मी हो म्हटलं. आणि सत्तावीस वर्षं फळ्या रचतोय. तुला तिथेच राहा म्हणून लिहिलं तेव्हा मला वाटत होतं, मी बाप म्हणून शहाणपण सांगतोय. तुझं आजचं पत्र वाचल्यावर कळलं की मी माझंच ओझं तुझ्या डोक्यावर ठेवत होतो.

तू तर अकराच दिवस टिकलास. पायांना सांगितलं, त्यांनी ऐकलं. डोळ्यांना सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. मग कुठे हरलास? या घरात सगळ्यांत हट्टी तूच आहेस.

आणि दोन्ही वेगळं असतं. दमलेला माणूस झोपतो आणि उठतो. मला माहीत आहे, मी रोज उठलोय.

घरी ये. पुढे काय, हे कुणी विचारणार नाही. ओडेसानं तुझ्या खोलीतलं तिचं शिवणयंत्र हलवलं आहे आणि खिडकीला जाड पडदा लावला आहे, कारण त्या बाजूनं दुपारचं ऊन येतं. हवं तितकं झोप. न्हावी आला, हेटीकाकू आल्या, पाद्री आले, तरी मी दारात खुर्ची टाकून बसेन आणि सांगेन, आमचा क्वार्टरबॅक झोपलाय, हळू बोला.

वाट बघणारा,
तुझा बाप