क्लचचा नट

१ फेब्रुवारी
पार्सल आलं. क्लच प्लेटा, एक संच, ३१०. क्लचची केबल ४५. पॅकिंग १२. टपालखर्च १८. 'घरदुरुस्ती' या सदरात मांडलं, कारण मोटरसायकल ही घरातलीच. माझ्या लग्नापासून आहे.

दुखणं असं: इंजिन ओरडतं, गाडी सरकत नाही. घरासमोरच्या चढावर मला उतरून चालावं लागतं. सासूबाई म्हणाल्या, गाडीला कशाला नावं ठेवतेस, आधी स्वतःचं वजन बघ. मी मनावर घेतलं नाही.

निदान माझं झालेलं आहे: भाऊजी. धाकटे दीर. चालवताना क्लचवर बोटं ठेवत असणार, त्याने प्लेटा झिजतात. बावीस वर्षं मागच्या सीटवर बसून एवढं कळणारच.

माझ्या बाजूने हयगय नाही. क्लचचा लिव्हर खुळखुळत होता, त्याचा नट महिन्यापूर्वी मीच पान्याने घट्ट आवळून दिला. सैल काही मला खपत नाही. मग ते डब्याचं झाकण असो की माणूस.

२ फेब्रुवारी
जेवताना विषय काढला. भाऊजी म्हणाले, वहिनी, मी क्लचवर बोट ठेवत नाही हो. मी म्हटलं, तुमच्या हातात दगड दिला तरी झिजेल. हे हसले, म्हणून मला जोर आला. मग कॉलेजात बुडवलेलं वर्षही काढलं. त्याचा क्लचशी संबंध नव्हता, पण ओघात आलं.
भाऊजींनी किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि उठले. भात तसाच.
संकल्प: उद्या गोड बोलायचं.

३ फेब्रुवारी
भाऊजी गेले. कचेरीच्या दुसऱ्या गावच्या शाखेत जागा होती, ते कधीचे नको म्हणत होते. आज हो म्हणाले, बॅग भरली, पहिली एसटी धरली. गोड बोलायला वेळच मिळाला नाही.
एका अर्थी त्यांच्या सोयीचंच झालं. माझ्या बोलण्याचा काही संबंध नाही.
सासूबाई जेवल्या नाहीत. भूक नसेल.

६ फेब्रुवारी
मेकॅनिककडे न्यायची नाही, असं जाहीर केलं. हे म्हणाले, मग मीही दुसऱ्या गावी राहायला जातो. थट्टा.
जुनी केबल काढली. नवी वीतभर आखूड निघाली. जुनीच परत बसवली, पण अंगठा सोलवटला म्हणून नट आवळता आला नाही. लिव्हर खुळखुळतोय. प्लेटा उद्या.

७ फेब्रुवारी
यांनी गाडी तशीच नेली. आल्यावर म्हणाले, चढावर अशी पळाली की टोपी उडाली, मागे जाऊन आणावी लागली. प्लेटा तर अजून कपाटात! देवापुढे हात जोडले. मनापासून मागितलं की लोखंडसुद्धा ऐकतं.
सासूबाई म्हणाल्या, बघ, पोरगं गेलं आणि गाडी सुधारली. तुझंच खरं होतं गं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं खरं म्हणाल्या. मग आठवलं, नट अजून सैलच आहे.

८ फेब्रुवारी
खात्री केलेली बरी. नट आवळला आणि यांना म्हटलं, दूध आणा. चढावरून ढकलत आले. नट सैल केला. म्हटलं, साखर राहिली. भुर्रकन गेले, भुर्रकन आले. पुन्हा आवळला. म्हटलं, काड्यापेटी. ढकलत आले. म्हणाले, बाई गं, यादी एकदाच करत जा.
गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. लिव्हरला थोडी ढील असलीच पाहिजे, नाहीतर क्लच पुरता धरत नाही. चौथ्या पानावर, चित्रासकट.
चित्र फारच लहान आहे. कुणाच्याही नजरेतून सुटेल.

९ फेब्रुवारी
यांना सांगायचं ठरवलं. जेवत होते. जेवताना कशाला? मग पेपर वाचत होते. मग झोपले. प्रपंचात बोलायला सवडच मिळत नाही.
देवाला सांगितलं. त्याला ठाऊक होतं, त्यामुळे फारसं हलकं वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी
भाऊजींचं पत्र, सासूबाईंच्या नावे. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, वाचायला मीच. साहेब फिरतीची जागा देताहेत. पगार जास्त आणि कचेरीची मोटरसायकल. नको म्हणणार आहेत. अठरा तारखेला शेवटचं सांगायचंय. पुढे लिहिलंय, माझ्या हातात गाडी टिकत नाही, वहिनींना विचार.
सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. या खेपेला ती ओळ गाळली. म्हणाल्या, मघाशी शेवटी अजून काहीतरी होतं. वाचली.
म्हणाल्या, बरं करतोय. परक्याची गाडी मोडून नोकरी घालवण्यापेक्षा पायी बरा.
भाऊजी नऊ वर्षांचे असताना त्यांच्या सायकलची सीट धरून मीच मागे धावले होते. तेव्हा ते ओरडत होते, वहिनी, सोडू नका. मी केव्हाच सोडलं होतं आणि ते एकटे चालवत होते. छान चालवत होते.

१३ फेब्रुवारी
पहिलं पत्र: 'हवा बदलली की जुन्या गाड्यांचे क्लच बिघडतात.' फाडलं. दुसरं: 'चूक कुणाची हे महत्त्वाचं नाही.' हे जरा टिकलं, दुपारी फाडलं.
संध्याकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. भिंतीकडे तोंड करून झोपल्या. यांना सांगितलं. म्हणाले, काड्यापेटीच्या वेळीच कळलं होतं, तू कधी सांगतेस ते बघत होतो.
तिसरं पाठवलं. नक्कल:

'प्रिय भाऊजी,
क्लच मी बिघडवला. नट आवळून लिव्हरची ढील काढून टाकली. तुमच्या हातात दोष नाही, कधीच नव्हता. ताटावर बोलले ते सगळं खोटं. कॉलेजचं वर्ष बुडालं ते खरं, पण ते मी काढायला नको होतं. आई माझ्याशी बोलत नाहीत, यावरून त्यांना सांगितलं आहे हे समजावं.
कचेरीची गाडी घ्या. नट कुणाला आवळू देऊ नका, मलाही नाही. घरी याल तेव्हा या, मी विचारणार नाही. पण साहेबांना हो म्हणालात का, एवढं मात्र उलट टपाली कळवा.'