एक अंगठा बाकी

६ जाने., सांगली
आज शिंका अकरा. खाली हळदीचं गोदाम, वरच्या खोलीत आम्ही दोघी. मी सांगते, सुमनबाई लिहितात. आमच्या कुळाच्या मंडळाच्या वहीत कामाचं लिहायचं ते निराळं, ही वही माझी. बजावलं, मी म्हणेन तसं लिहा. तरी मी 'हाय' म्हटलं की या 'आहे' लिहितात. मास्तरीण पेन्शनीत गेली, खोडरबर काही गेला नाही.
या कामाचा आठवा महिना. कुळातल्या घराघरांत जाऊन नावं गोळा करायची, वंशावळीचं पुस्तक करायचं. जोडीनं राहायचं, जोडीनं हिंडायचं, एकटीनं फाटकाबाहेर पाय टाकायचा नाही. माझी जोड फलटणची, चहा बिनसाखरेचा. साखर कारखान्यांचा मुलूख, म्हणे!
जत्रेत देवापुढं भंडारा उचलून सगळ्यांनी शब्द दिला, "वर्षभर सेवा करीन." मी एकटी शहाणी. म्हटलं, "एक नाव न गाळता काम पुरं होईस्तवर." बाकीचे महिने मोजतायत. मी कागद मोजतेय.

९ जाने.
जतच्या बाजूला. म्हातारबानं सात पिढ्या एका दमात सांगितल्या. विचारलं, आईचं नाव?
"आई."
लोक काय म्हणायचे?
"म्हातारी."
बायकोचं तरी? आत तोंड करून ओरडला, "आगं ए, तुजं नाव काय गं?"
आतनं आवाज, "कुटलं? म्हायेरचं का हितलं?"
सुमनबाई हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा. दोन्ही नावं लिहून घेतली. घरातल्या दोघांनी 'खरं आहे' म्हणून सही नाहीतर अंगठा दिला की कागद पक्का.
माझीपण दोन नावं. इथली हौसाबाई, माहेरची बनी. बनी म्हणणारा एक दादा उरलाय.

१४ जाने.
संक्रांत. सुनेचा फोन. "आत्या, चंद्री लय जड झालीया. कवा येताय? तिला तुमीच लागता, आमाला शिंगावर घेती."
घरात माझी किंमत एका शेळीला कळते. सांगितलं, थोडं राहिलंय. आठ महिने हेच सांगतेय.
बाईंना तीळगूळ दिला, गोड बोला म्हटलं. म्हणाल्या, "आक्का, आधी पाय धुऊन या."

१९ जाने.
तात्या सुभेदार वर आले. मंडळाचे अध्यक्ष. फौज सोडून वीस वर्षं झाली, चाल तीच.
"आक्का, शेवटचा कागद. तुमच्याच म्हायेरचा. दादांची सही झाली, तुमचा अंगठा टेकवा की सुटलात. पुढल्या रविवारी जीप तुमच्या दहिवडीला जातीया, तीत बसा."
पिशवी भरून झाली. त्यात भरायला होतं काय, दोन लुगडी न् एक फणी.

२० जाने.
अंगठ्याला शाई लावली. बाईंना म्हटलं, वाचा तरी. बाप, आई, चुलते, दादा. मग, "मुली एक. बनी."
अंगठा वरच्या वर राहिला. एक कशी? दोन.
बाई म्हणाल्या, "दुसरीचं नाव सांगा, घालते."
सांगता येत नाही.

२१ जाने.
काल बाईंनी पुढं काही विचारलं नाही. चहा केला, माझ्यात साखर जादा. म्हणून सांगते.
लहानपणी फलटणकडं मेंढरं घेऊन गेलो होतो. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचे. थोरली तिथल्या एका गाडीवानाबरोबर निघून गेली. आमच्यातला नव्हता. बानं तिच्या नावानं आंघोळ केली, दादाला न् मला भंडारा उचलायला लावला. तिचं नाव पुन्हा तोंडातनं काढायचं नाही. मी नऊ-दहाची.
पुढं एकदा बाजारात दिसली. कडेवर पोर. "बने!" म्हणून हाक मारली. मी वळले नाही. बांगड्या बघत उभी राहिले. एक घेतली नाही.
त्या भंडाऱ्यापायी नाव घेता येत नाही. या भंडाऱ्यापायी गाळता येत नाही.

२३ जाने.
दादाचा फोन. "कशाला उकरतीस? अंगठा दे न् घरला जा."
"तुला सय येती का रं तिची?"
खोकला. मग, "बानं शब्द घेतलाय, बने."
दुपारी तात्या. "'नाव माहीत नाही' असं लिहू. मिटलं."
"माहीत हाय की मला. देवापुढं खोटं कसं लिहू?"
"मग सांगा."
"सांगता येत न्हाई."
"आक्का, फौजेत असता तर…"
"फौजेत असते तर पेन्शन तरी मिळाली असती."

२६ जाने.
रविवार. जीप गेली. पिशवी दाराशी तशीच.
संध्याकाळी सुनेचा फोन. चंद्री व्याली, दोन पिल्लं. "आत्या, काय घोर न्हाई. मला हात लावू दिला की तिनं!"
बरं झालं म्हटलं. बरंच झालं की. पण मग तिकडं माझं…

२७ जाने.
पहाटे सुचलं. बानं शब्द घेतला तो तोंडाचा. हाताचं काही बोलला नव्हता. या हाताला कधी लिहिता येईल हे त्याच्या मनातच आलं नसणार.
बाईंना म्हटलं, मला अक्षरं शिकवा.
"कोणती?"
"ती कशी सांगू? ओळीनं समदी म्हणून दाखवा. ओळखीचं आलं की मी ठेवून घेते."
"आक्का, ही पळवाट झाली."
"जल्मभर शेरडं राखली, बाई. कुपाटीला फट कुठं असती ते कळतं मला."
आता रुसून लिहितायत. पाटी मात्र आणलीय.

२ फेब्रु.
कुदळ धरलेली बोटं. पेन्सिल धरली की मोडते. बाई मागं उभ्या. "रेघ सोडू नका." मी मेंढरू असते तर केव्हाच पळाले असते.
एक ओळखीचं आलं. बाईंना दाखवलं नाही. त्यांनी बघितलं, पण विचारलं नाही.
तात्या म्हणतात, शनिवारी पुस्तक छापायला जाणार. कागद पक्का नसेल तर आमचं घरच वगळणार. बा, आई, सगळी.

८ फेब्रु.
शनिवार. दादा एस.टी.नं आला. न सांगता. जिना चढून दम लागला, पाणी प्याला, बाईंना रामराम केला. मग पाटी दिसली.
माझं एकच अक्षर त्यावर, पाटीभर मोठं. बघत बसला.
"ही रेघ वाकडी झालीया," म्हणाला.
म्हटलं, "मग तू काढ की सरळ. तुला तर समदी येत्यात."
कागद त्याच्यापुढं सरकवला. बाईंचा पेन वर ठेवला. बाईंना हे लिहायला दुसरा पेन शोधावा लागला.
तात्या खालनं कागदासाठी हाक मारतायत. दादानं पेन उचललेला नाही. उठलापण नाही.