पैलवानाचं वजन

प्रिय आई,

हे पत्र मी स्वतः लिहिलंय, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. चुका काढत बसू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हा कागद.

तुझ्या सुनेने सगळं सांगितलं. ती बिचारी दिवसातून चार वेळा बोट टोचून साखर बघते, जेवल्यावर गल्लीत फेऱ्या मारते. आणि तू बिनसाखरेचं म्हणून तिला दोन चमचे साखर घातलेलं दूध पाजतेस; परवा तिने तुला साखर ढवळताना बघितलं. वर शेजारच्या काकूला सांगतेस, दोन जिवांची बाई, डॉक्टरणीने उपाशी मारायला घेतलीय. वा! ती काकू स्वतःच्या चष्म्याचा नंबर विसरते, आणि तुम्ही दोघी मिळून दवाखाना चालवताय. साखर दोनशेच्या वर गेली तेव्हा डॉक्टरीण सुनेलाच बोलली, चोरून खातेस म्हणून. तू शेजारच्या खुर्चीत होतीस. तोंडातून ब्र काढला नाहीस.

गरोदरपणातली साखर म्हणे नवीन खूळ, तुझ्या वेळी नव्हतं. कसं असेल? बघितलं होतं कुणी?

तुझी ती गोष्ट मला पाठ आहे. पाच किलोचा जन्मलो, अख्खा वॉर्ड बघायला आला, म्हणून नाव पैलवान. येईल त्याला सांगायचीस, आणि मी मागे डावा हात खिशात कोंबून उभा. खांद्याच्या वर न जाणारा हात. शर्ट घालायला आई लागते, हा कसला पैलवान, म्हणून वर्गात पोरं खिदळायची. सातवीत दप्तर फेकलं ते त्यापायी. तू लोकांना अभ्यासाचा कंटाळा सांगितलास. मीही तेच सांगत फिरलो, मी तरी कुठला शहाणा.

इथे मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतो. बाळंतिणींच्या वॉर्डातली नर्स त्या न्यायला येते. माझा हात बघून तिने एकच विचारलं, जन्मताना वजन किती होतं. मी छाती फुगवून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, आईला साखर असणार. बाळ फार वाढलं, खांदा अडकला, ओढताना हाताच्या नसा दुखावल्या. ज्याची तू जन्मभर फुशारकी मारलीस ना, ते हे.

तेव्हा तुला ठाऊक नव्हतं, ते सोडून दिलं. आता ठाऊक आहे. सोनोग्राफीत बाळ आत्ताच चार किलोला टेकलंय. गुरुवारी सकाळी आठला भरती व्हायला सांगितलंय, आणि तू म्हणतेस कळा आपोआप येऊ देत. मला सुट्टी नाही. तिला तूच घेऊन जायचं. आणि दारातच डॉक्टरणीला त्या दुधाचं खरं सांगायचं, सुनेच्या देखत. मग मला वजन कळवू नकोस. पोर रडताना दोन्ही हात वर करतंय का, तेवढं नीट बघ आणि फोन कर.

तुझाच,
पैलवान