केबल ओढू नको

प्रज्वल,

मी बाबाले घेऊन साडेनऊच्या बसनं मेहकरले चालली. तू झोपला होता, म्हणून उठवलं नाही. तुझा फोन कॉम्प्युटरले लावलेलाच आहे, केबल ओढू नको.

"ताई, केबल लाव, पाच मिनिटात होते," असं तू काल सांगतलं. मी पहाटे पाचपासून लावून बसली. एवढा महागाचा फोन, अन् सोबतची केबल नुसती चार्जिंगच्या लायकीची. बाबाचे दोन वर्षांचे व्हिडिओ, चार तासांत पाव हिस्साही उतरला नाही. स्क्रीन बंद झाली की कॉपी तुटते, मंग पुन्हा पहिल्यापासून. भाकरी सोडून दर मिनिटाले बोट लावाले उठून राह्यली. फोनच नेला असता, पण तुले त्याच्याबिगर एक दिवस जमत नाही. उठला की कॉपी पुन्हा सुरू कर.

बाबाची वाचा गेली तेव्हापासून मेहकरच्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडम म्हणतात, त्यायचा जुना आवाज त्यायलेच ऐकवा. पेनड्राइव्हवर एकच व्हिडिओ धड आला, वावरातला. त्यात बाबा म्हणतात, "प्रज्वल, मोटर बंद कर बे." तो मी त्यायले तीनदा ऐकवला. चौथ्यांदा त्यायनं तोंड उघडलं अन् तुझं नाव घेतलं. अर्धवट होतं, पण घेतलं. चार महिन्यांतला पहिला शब्द.

दुपारी तुझी पुण्याची गाडी आहे, मले माहीत आहे. उद्या जा. संध्याकाळी आम्ही येऊ तेव्हा बाबाच्या समोर बस.

अनुपमा