म्हणा आणि म्हण

रविवार, १४ मार्च

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक, तिकडेही असेलच. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करतोस, पाठ सांभाळ. वहिनीचा खोकला गेला का? माझी शाळेच्या गणवेशांची घाई चालू आहे, काजं करून करून बोटांची चाळण झाली. शेजारच्या सुतारकाकांनी आपल्या दाराची चौकट बदलून दिली. इतकी घट्ट बसवली की दार लागतं, पण उघडत नाही. वर मलाच म्हणतात, "चोराची भीती गेली ना?"

पत्रास कारण की, आई बरी आहे. म्हणजे जेवते, उशीला टेकून बसते. तू म्हणशील, बसते यात कळवण्यासारखं काय? तर दादा, गेल्या महिन्यात ती वर्गात शिकवता शिकवता पडली. डोक्यात रक्ताची गुठळी झाली, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उजवा हात हलत नाही. आणखी एक झटका आला तर काय, तेही त्यांनी सांगितलं, पण ते मी लिहिणार नाही. आज कळवू, उद्या कळवू करत राहिले. मागच्या फोनवर तू जे बोललास त्यानंतर माझीही मान ताठच होती.

आईची वाचा शाबूत आहे. गेली ती शाळेची भाषा. मोठेपणी शिकलेली, जिच्यात तिने मला वाढवलं, ती पाटी पुसावी तशी पुसली गेली. उरली फक्त आपली बोली. आपली कसली, तुझी आणि तिची! तू वसतिगृहातून पहिल्या सुटीला आलास ते तोंड मिटूनच. बोलीतला शब्द निघाला की जेवणाच्या रांगेत शेवटी उभं करायचे, हे तिला नंतर कळलं. मग मी झाले, तेव्हा तिने ठरवलं की या पोरीच्या कानावर बोली पडूच द्यायची नाही. तिने ते भल्यासाठीच केलं. पण सख्ख्या आईचं बोलणं कळत नाही म्हणजे काय, ते मी आता भोगतेय.

सुरुवातीला तर नुसता गोंधळ. आई पेल्याकडे बोट करून काहीतरी म्हणायची आणि पुढे जोडायची, "तोरुमा." मी धावत पाणी आणायचे. ती नकारार्थी मान हलवायची. खिडकीकडे बोट करून काहीतरी, "तोरुमा." मी खिडकी उघडली, तरी नाही; लावली, तरी नाही. घोंगडी दिली ती तिने डाव्या हाताने भिरकावली. एकदा मला इतका राग आला की मी ओरडले, "अगं, हवंय तरी काय तुला?" आणि ती रडायला लागली. मग मीही रडले. आम्ही दोघी एकाच खाटेवर, दोन भाषांत रडत बसलो होतो.

मुख्याध्यापिकाबाई समजूतदार. त्यांनी आईचा बोलीचा वर्गच शाळेतून तिच्या खाटेपाशी हलवला. पोरांच्या या आजीला तेवढंच बरं वाटेल, म्हणाल्या. आता दुपारी खोलीत चपलांचा ढीग आणि माझ्या शिलाई मशीनखाली पोरं. ती आईशी बोलतात रे! वारा कुठून सुटलाय, जाळ्याची गाठ कुठे चुकली, कुठली साल उकळली की रंग चढतो, सगळं बोलीत. आई डाव्या हाताने गाठ दाखवते आणि हसते. मला त्या चिमुरड्यांचा हेवा वाटतो, स्पष्टच सांगते.

त्यांच्यात एक सात वर्षांची आहे, सगळे तिला बडबडी म्हणतात. तिला मी विचारलं, "तोरुमा म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "असा शब्दच नाहीये, मावशी." म्हटलं, झालं, आई बरळतेय. तेवढ्यात आईने पेल्याकडे बोट केलं, माझ्याकडे पाहिलं आणि तेच म्हणाली. बडबडीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मावशी, आजी काही मागत नाहीये. ती तुला शिकवतेय."

"म्हणजे?"

"आम्हाला ती वस्तू दाखवते, नाव सांगते आणि मग म्हणते, तोरुकी. म्हणजे, म्हणा. आम्ही सगळे म्हणतो. तू एकटीच आहेस ना? म्हणून तोरुमा. म्हण."

दादा, मी तिला पाणी पाजत होते आणि ती मला पाण्याचं नाव सांगत होती.

आणि त्या पोरांना "म्हणा" ठाऊक, "म्हण" ठाऊक नाही. कसं असेल? घरी त्यांच्याशी त्या बोलीत कोण बोलतं? त्यांच्या आईबापांची गत माझ्यासारखीच. बोली मिळते ती वर्गात, सगळ्यांना मिळून. एकट्या मुलाला जवळ घेऊन कुणी काही सांगतच नाही.

तू फोनवर म्हणालास, "ज्या शाळेने भाषा माझ्या तोंडातून उपटली, तीच आता पगार देऊन परत पेरणार? मला त्यात ओढू नका." तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. तुझ्या जागी मी असते तर त्या इमारतीवर थुंकले असते. पण इमारत तीच असली तरी पोरांनी तुझं काय वाकडं केलंय? शिक्षण खात्याच्या कचेरीतून निरोप आलाय की बोली येणारा माणूस नसेल तर पुढच्या सत्रापासून वर्ग बंद. बोली येणारा माणूस आईनंतर तूच. तू फळ्यापुढे उभा राहू नकोस. अंगणात बस आणि एकेकाशी बोल, तेवढं पुरे.

माझं शिक्षण चालू आहे. पाणी झालं, खिडकी झाली, सुई झाली. माझे उच्चार ऐकून पोरं फिदीफिदी हसतात. हसू देत.

परवा आईने भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट केलं. म्हणाली, "हेसाली." मग माझ्याकडे वळून, "तोरुमा." मी म्हटलं. नीट आलं नाही, तिने परत म्हणायला लावलं. बरोबर येईपर्यंत सोडलं नाही. पोरांना अर्थ विचारला, एकालाही सांगता येईना. वर्गात हा शब्द कधी आलाच नाही. तेव्हापासून ती रोज माझ्याकडून म्हणवून घेते आणि मी अर्थ न कळता म्हणते. तो तुझ्यासाठी आहे, एवढं मात्र मला कळतं.

तर आता मोठ्याने वाच: हेसाली.

"ये" असेल तर ये. शिवी असेल, तर ती समोर येऊन खा.

तुझी धाकटी,
इयत्ता पहिली